लोटस एलानची चासी घरी बदलायची तर खरा खर्च किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या घरामागच्या गॅरेजात मी माझ्या एलानची (लोटस या इंग्लिश कंपनीच्या साठच्या दशकातल्या छोट्या स्पोर्ट्स कारची) चासी, म्हणजे खालचा सांगाडा, बदलली, तेव्हापासून लेस्टरपासून पुण्यापर्यंतचे मराठी गाडीवेडे मला तेच तेच प्रश्न पाठवतात. ते इथे एकत्र केले आहेत. पौंडांतले भाव मुद्दाम दिले नाहीत. ते वर्षभरात शिळे होतात. त्याऐवजी नव्या चासीची किंमत म्हणजे एक रुपया धरला आहे आणि बाकीचा हिशेब आजोबांच्या काळासारखा आण्यांत मांडला आहे. सोळा आण्यांचा रुपया. आज चासीचा भाव विचारा आणि गुणाकार करा.

१. चासी बदलायची म्हणजे नक्की काय? बॉडी आणि चासी वेगळी असते का?

आजच्या बहुतेक मोटारींत नसते. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा असतो. एमजीबी या जुन्या इंग्लिश स्पोर्ट्स कारमध्येही तसंच आहे, त्यामुळे तिथे 'चासी बदलणं' हा प्रकारच नाही. बदलायची तर अख्खी बॉडीशेल. ट्रायम्फ स्पिटफायर, टीव्हीआर आणि एलान या इंग्लिश गाड्यांना मात्र वेगळी चासी असते.

१९६२ साली आलेल्या एलानची चासी म्हणजे गाडीच्या मधून जाणारा पोलादी पत्र्याचा पाठीचा कणा. पुढे त्याला दोन फाटे फुटतात आणि त्यांच्यात इंजिन बसतं, मागे डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) आणि स्प्रिंगांचे मनोरे. त्यावर फायबरग्लासची बॉडी बोल्टांनी आवळलेली. गंमत अशी की हा कणा लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी सुरुवातीला फक्त सस्पेन्शनच्या चाचणीपुरता योजला होता. आधीची लोटस एलीट पूर्ण फायबरची होती आणि ती बनवायला फार महाग पडे. तात्पुरता कणा इतका ताठ आणि स्वस्त निघाला की तोच कायमचा झाला.

२. फायबर गंजत नाही, मग ही गाडी एवढी कशी सडते?

बॉडी गंजत नाही हेच फसवं आहे. वरून गाडी चकचकीत दिसते आणि खाली कणा कुरतडला जात असतो. पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास, काही ठिकाणी त्याहून पातळ. चासी आतून पोकळ. पुढच्या फाट्यांवरही सस्पेन्शनचे मनोरे असतात, त्यांच्या तळाला पाणी जाण्याची भोकं असतात, ती चिखलाने बुजतात. बॉडी आणि चासी यांच्यामध्ये जे फेल्ट चिकटवलेलं असतं ते ओल धरून ठेवतं. त्यात इंग्लंडच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. साठ वर्षं असं चाललं की काय उरणार?

३. माझी चासी गेली आहे हे गाडी न उघडता कसं ओळखू?

एलान तुम्हाला स्वतःच सांगते, तेही डोळ्यांनी. तिचे उघडझाप करणारे हेडलाइट इंजिनच्या व्हॅक्यूमवर (इंजिन हवा ओढतं त्या ओढीवर) चालतात, आणि त्या व्हॅक्यूमची टाकी म्हणजे चासीचीच पुढची आडवी पेटी. तिला गंजाने भोक पडलं की व्हॅक्यूम टिकत नाही. जुन्या मॉडेलांत मग दिवे हळूहळू पापण्या मिटल्यासारखे खाली बसतात. दर वेळी दोष चासीचाच असतो असं नाही. रबरी नळ्या आणि दिवे हलवणारे व्हॅक्यूमचे डबेही गळतात. आधी ते तपासा, स्वस्त आहेत.

मग गाडी उचलून पुढच्या मनोऱ्यांचा तळ, खालचे विशबोन (चाक धरणारे दांडे) जिथे बसतात त्या पिनांभोवतीचा पत्रा आणि मागचे मनोरे पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर पुढचे प्रश्न वाचा. तडेही बघा, विशेषतः स्टिअरिंग रॅक आणि इंजिन माउंटिंगजवळ. आणि एखाद्या गाडीला ठोकर बसून कणा वाकलेला असतो, त्यावर गंजाचा ठिपकाही नसतो. चारही चाकांमधलं अंतर तिरकं मोजलं की हे कळतं.

४. थेट सांगा, एकूण किती?

स्वतःची मजुरी शून्य धरून तीन रुपये. म्हणजे चासीच्या किमतीच्या तिप्पट. दोन रुपयांत काम उरकलेले लोक मला भेटले आहेत. त्यांच्या गाडीचं सस्पेन्शन नुकतंच कुणीतरी नवं केलेलं होतं. पाच रुपये घालवलेलेही भेटले. त्यांनी इंजिन उघडलं (प्रश्न ८).

मजुरी धरायची तर माझ्या वहीत अडीचशेच्या वर तास आहेत. त्यातले निम्मे साफसफाई, शोधाशोध आणि चुकीचा भाग आला म्हणून परत पाठवण्यात गेले. तुमच्या तासाचा भाव तुम्ही ठरवा. तो लावून वर्कशॉपच्या बिलाशी तुलना केलीत तर घरी करणं स्वस्त पडतंच असं नाही. मला विचाराल तर पैसे वाचवण्यासाठी हे काम घरी करू नये. हाताला काम हवं असेल तर करावं.

५. वेल्डिंग मारून भागणार नाही का?

एका जागी, मापाचा तुकडा घालून, चासी उघडी पडलेली असताना: भागतं. मनोऱ्यांसाठी दुरुस्तीचे तयार तुकडेही मिळतात. पण बॉडी जागेवर असताना वेल्डिंग मारायचं मनातही आणू नका. वर फायबर आहे, रेझिन पेट घेतं. आणि बॉडी उचललीच, तर साठ वर्षांच्या पातळ पत्र्याला ठिगळं लावण्यात अर्थ किती? पत्रा एका ठिकाणी गेला की शेजारचाही जायच्या वाटेवर असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने कणा पिळवटतो, तो सरळ आहे की नाही हे जिगवर (माप पक्कं धरणाऱ्या साच्यावर) बसवल्याशिवाय कळत नाही, आणि जिग घरी नसतो.

६. मूळ नमुन्याची चासी घ्यावी की नळ्यांची?

मूळ नमुन्याची म्हणजे घडी घातलेल्या पत्र्याची, आता गॅल्व्हनाइज करून (जस्ताचा थर देऊन) मिळते. नळ्यांची स्पेसफ्रेम स्पायडर ही इंग्लिश कंपनी बनवते. ती ताठ असते, आतपर्यंत हात जातो, पाणी साचायला पोकळ पेटी नसते. नुसतं यंत्र म्हणून बघितलं तर नळ्यांचीत वाईट काही नाही.

तरीही मी मूळ नमुन्याची घेतली. त्याचं अर्धं कारण भावनिक आहे आणि अर्धं कागदोपत्री (प्रश्न १४). भावात फार फरक नाही, पण नळ्यांची घेतलीत तर पाइप, ब्रॅकेट, केबल यांची वाट बदलते आणि त्याचे दोन-तीन आणे वेगळे जातात.

७. चासीचा रुपया कळला. उरलेले दोन रुपये जातात कुठे?

हाच खरा प्रश्न, आणि हाच कुणी आधी विचारत नाही.

पहिले चार आणे तुम्ही काहीही न जोडता जातात. इंग्लंडात भावावर २० टक्के व्हॅट असतो, तो सांगितलेल्या किमतीत धरला आहे का हे विचारा. जाहिरातीत पुष्कळदा नसतो. मग वाहतूक. लांबडी, वेडीवाकडी वस्तू, साध्या कुरिअरने येत नाही.

त्यानंतर रबर. जुन्या चासीवरून सुटलेला कुठलाही बुश (सांध्यातली रबरी नळी) नव्या चासीवर परत लावायला हात धजत नाही. विशबोनचे बुश, इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग, डिफरन्शियलची माउंटिंग, मागच्या स्ट्रटच्या (स्प्रिंगच्या उभ्या दांड्याच्या) डोक्यावरच्या रबरी बैठका म्हणजे लोटोकोन. एकेक नग किरकोळ वाटतो, सगळे मिळून सहा आणे सहज. शिवाय रोटोफ्लेक्स जोड. एलानच्या मागच्या दोन्ही ड्राइव्हशाफ्टना टोकांना रबरी डोनट असतात, एकूण चार. ते महाग आहेत आणि स्वस्तातले आणले तर लवकर चिरतात. काही जण ते काढून सीव्ही जॉइंटचे (आजच्या गाड्यांतल्यासारख्या लोखंडी सांध्यांचे) शाफ्ट बसवतात. आज खर्च जास्त, उद्याची डोकेदुखी कमी. दोन्हीपैकी काहीही करा, पाच-सहा आणे बाजूला ठेवा.

पुढची चाकं ज्या खांबांवर उभी असतात ते मूळचे ट्रायम्फ हेराल्ड या मोटारीच्या घराण्यातले. खाली पितळी ट्रनियन (खांब ज्यात फिरतो ती बैठक), त्यात आटे, आणि त्या आट्यांवर सगळी चाल. त्यात ग्रीस नाही, ईपी ९० हे गिअरचं तेल घालायचं असतं. आधीच्या मालकांनी ग्रीसच भरलेलं असतं. आटे झिजून खांब तुटला तर चाक आडवं पडतं. म्हणून खांब आणि ट्रनियन जोडीने बदला. तीन आणे.

ब्रेकचे पाइप जुने परत लावायचे नाहीत, नवे वळवायचे. निकेल-तांब्याचे घ्या, हाताने वळतात आणि गंजत नाहीत. रबरी होज, हँडब्रेकची केबल, क्लचचा पाइप, पेट्रोलचा पाइप हे सगळं त्याच यादीत. मग नट-बोल्ट. हसू नका. सगळे इंची मापाचे, यूएनएफ आणि यूएनसी (बारीक आणि जाड आट्यांचे), आणि ताण पडणाऱ्या जागी योग्य ग्रेडचेच हवेत. मी नट-बोल्टचा खर्च शून्य धरला होता. तो दीड आणा झाला.

उरलेले पैसे शॉकअॅब्सॉर्बर, रेडिएटरच्या नळ्या, एक्झॉस्ट (काढताना तुटतोच) आणि रंग यांत विरतात. बॉडी चढवताना कुठेतरी ओरखडा पडणार. एकाच पॅनेलला रंग मारलात तर जुना रंग शेजारी फिका दिसणार. तिथे थांबायला संयम लागतो. मला जमलं नाही.

८. इंजिन बाहेर आहेच, तर जाता जाता तेही करून घेऊ का?

'जाता जाता' हे या छंदातले सर्वांत महागडे दोन शब्द आहेत.

एका गोष्टीला माझा होकार: पाण्याचा पंप. एलानचं १५५८ सीसीचं ट्विन कॅम इंजिन फोर्डच्या ब्लॉकवर बांधलेलं आहे आणि पंप पुढच्या टायमिंग कव्हरच्या पोटात आहे. तो बदलायचा तर हेड (इंजिनाचं वरचं झाकण) आणि सम्प (खालची तेलाची टाकी) दोन्हींना हात लावावा लागतो. गाडीत असताना ते काम जिवावर येतं. पंप कुरकुरत असेल तर आत्ता करा, आणि पुढच्या वेळी सहज निघेल असा कॅसेट पद्धतीचा बसवा. क्लच प्लेटही बघा. कॉम्प्रेशन चांगलं असेल आणि तेल पीत नसेल तर बाकी इंजिन झाकून कोपऱ्यात ठेवा आणि त्याच्याकडे बघू नका.

९. किती जागा आणि किती दिवस लागतात? माझं गॅरेज एका गाडीचं आहे.

एलान जेमतेम ३.७ मीटर लांब आणि १.४२ मीटर रुंद. एका गाडीच्या गॅरेजात ती आरामात मावते. पण बॉडी उचलली की तुमच्याकडे एक नाही, दोन गाड्या होतात, आणि त्या शेजारी शेजारी मावत नाहीत. उपाय एकच: बॉडी उंच घोड्यांवर (लाकडी स्टँडवर), चासी तिच्याखाली. वाकून वाकून कंबर जाते. ज्यांना हे नको ते जागा भाड्याने घेतात, आणि भाडं दर महिन्याला आणे खातं.

मी एक हिवाळा धरला होता, दोन लागले.

बॉडी घोड्यांवर ठेवताना टोकांना टेकवू नका. चासीवर ती जिथे टेकते तिथेच खालून लांब लाकडी फळ्यांचा आधार द्या. फायबर महिनोन्महिने लोंबकळत राहिलं तर तोच आकार धरतं आणि मग दरवाजे लागत नाहीत. जाता जाता सांगतो, एलानचे डिझायनर रॉन हिकमन यांनीच पुढे घरोघरी दिसणारं वर्कमेट हे घडीचं कामाचं टेबल शोधून काढलं. माझ्या एलानची खिडकी, दिवे, डॅशबोर्ड दीड वर्ष त्यावरच पडून होते.

१०. बॉडी उचलायला क्रेन लागते का? कोणती हत्यारं हवीत?

क्रेन नको. सीट, बंपर, दरवाजे काढले की चार धट्टीकट्टी माणसं बॉडी उचलतात. पाचवा माणूस काय अडकलंय ते ओरडून सांगायला. अडकतं हमखास: स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेक, अर्थिंगची वायर, स्टिअरिंगचा दांडा, गिअरचा दांडा. बोल्ट फायबरमध्ये बसवलेल्या लोखंडी बॉबिनमध्ये (आटे असलेल्या नळीत) जातात. ते गंजून जाम झाले असतील आणि तुम्ही जोर लावलात तर अख्खं बॉबिन फायबरमध्ये गरागरा फिरायला लागतं, मग कापून काढण्याशिवाय गत्यंतर नाही. आठवडाभर आधीपासून गंज सोडवणारं तेल रोज सोडत राहा.

इंजिन उचलायचा हॉइस्ट भाड्याने आणा. स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर चांगल्यातला घ्या, त्यात काटकसर केलीत तर दात जातील. टॉर्क पाना आणि टॅपचा (आटे पाडायच्या हत्यारांचा) सेट विकत घ्या. हे दोन उसने मागू नयेत, मित्र तुटतात. जुन्या ब्रेक लायनिंग आणि गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. हवेच्या झोताने धूळ उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

११. नवी चासी आली, पण भोकं जुळत नाहीत. फसलो का?

बहुधा नाही. गॅल्व्हनाइज करताना चासी सुमारे ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्ताचा थर भोकांत आणि आट्यांत बसतो, म्हणून प्रत्येक आट्यात आधी टॅप फिरवायचा. मोठी गोष्ट म्हणजे पातळ पत्रा त्या उष्णतेने किंचित पिळू शकतो. म्हणून एकही भाग लावण्याआधी नुसती बॉडी नव्या चासीवर ठेवून बघा. दरवाजांच्या फटी मोजा. कुठे वॉशरच्या चकत्या घालाव्या लागतील ते लिहून ठेवा, मगच बॉडी परत उचला. हा एक दिवस वाचवायला गेलेल्या माणसाचे चार आठवडे गेले. तो माणूस मीच.

१२. सगळं जोडलं, आता दिवे मिणमिणतात आणि इंडिकेटर लावला की हॉर्न वाजतो!

अर्थिंग. फायबरच्या बॉडीतून वीज परत जात नाही, सगळा परतीचा प्रवाह वायरींनी चासीपर्यंत पोचावा लागतो. तुमच्या नव्या चासीवर जस्त आहे, त्यावर बहुधा रंगही मारलात. अर्थिंगच्या जागा घासून उघड्या करा, इंजिनपासून चासीपर्यंतची जाड पट्टी विसरली नाहीत ना ते बघा. नवं वायरिंग हार्नेस मागवण्याआधी हे करा.

१३. माझी एलान १९९० ची आहे. हे सगळं तिलाही लागू आहे का?

नाही. १९८९ नंतरची एलान ही पुढच्या चाकांवर चालणारी, इसुझू इंजिनची वेगळीच गाडी आहे. १९६७ च्या एलान प्लस टू ला मात्र जवळजवळ सगळं लागू आहे. तिची चासी लांब असते, मागवताना नीट सांगा.

१४. इंग्लंडात चासी बदलली तर नंबर जातो का? एमओटीचं (वार्षिक तपासणीचं) काय?

मूळ नमुन्याची नवी चासी घातलीत तर घाबरण्याचं कारण नाही. डीव्हीएलएची (तिथल्या वाहन नोंदणी खात्याची) जुनी पद्धत होती, नंबर राखायला आठ गुण लागत. त्यात मूळ किंवा तशाच नव्या चासीला ५ गुण, सस्पेन्शन, अॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनला १. ऑगस्ट २०२५ पासून धोरण सैल झालं. जशीच्या तशी दुरुस्ती असेल, गाडी मूळ रूपातच दिसत असेल आणि लॉगबुकातली (नोंदणीच्या कागदातली) माहिती बदलत नसेल तर कळवावंही लागत नाही. रचनेत मोठा बदल केलात तरी नंबर राहू शकतो, पण कळवणं बंधनकारक.

खरी मेख एमओटीत आहे. ४० वर्षांवरच्या गाडीला एमओटी माफ आहे, पण गेल्या ३० वर्षांत 'मोठा बदल' झालेला नसेल तरच. मूळ नमुन्याची चासी त्यात धरत नाहीत. नळ्यांची स्पेसफ्रेम मूळ नमुन्याची म्हणता येत नाही. तरीही, माफी असली तरी मी माझी गाडी तपासणीला नेली. आपण स्वतः आवळलेल्या दीडशे बोल्टांवर दुसऱ्या कुणाची नजर पडलेली बरी. विमा कंपनीलाही कळवा, ठरलेल्या मूल्याची पॉलिसी नव्याने करून घ्या.

१५. भोसरीत फॅब्रिकेटरकडून चासी बनवून घेतली तर? आणि भारतात नोंदणीचं काय?

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण कारखानदारी पट्ट्यात पत्रा कापून, वाकवून, वेल्ड करून देणारे हात कुठल्याही देशाला हार जाणार नाहीत. अडचण हातांची नाही, मापांची आहे. तुमच्याकडे मूळ रेखाचित्रं नाहीत, नमुना म्हणून आहे ती वाकलेली, सडलेली चासी. तिच्यावरून जिग बनवलात तर वाकही नव्या चासीत उतरतो. एका नगासाठी जिगचा खर्च टाकला की इंग्लंडहून जहाजाने मागवणं, ड्युटी धरूनसुद्धा, वेडेपणाचं राहत नाही.

नोंदणीबाबत २०२१ चे व्हिंटेज वाहनांचे केंद्रीय नियम वाचाच. ५० वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये (हे मात्र खरे रुपये), मुदत १० वर्षं. पण व्याख्येतच म्हटलं आहे की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल करणारी मोठी उलथापालथ झालेली नसावी. म्हणून भारतातल्या मालकाने नळ्यांच्या चासीचा विचारही करू नये. मूळ नमुन्याची घालायची असेल तरी हात लावण्याआधी आरटीओत लेखी विचारून घ्या, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो, बिलं जपून ठेवा.

१६. एवढा खर्च केल्यावर गाडीची किंमत तेवढी वाढेल का?

चासीच्या रुपयाइतकी वाढते, कारण चासी बदललेली असणं हे एलानच्या गिऱ्हाइकाला हवंच असतं. लोटसनेच बदली चासी विकल्या, त्यामुळे इथे नवी चासी म्हणजे डाग समजत नाहीत. फेरारीच्या बाजारात समजतात. वरचे दोन रुपये तुमचे. ते चालवून वसूल करायचे.

१७. घरी केलेलं काम म्हणून गिऱ्हाईक नाक मुरडणार नाही?

बऱ्याच एलान मुळात घरीच जोडलेल्या आहेत. किट म्हणून घेतली की पर्चेस टॅक्स वाचे, म्हणून लोक सुटे भाग आणून स्वतःच्या दारात गाडी जोडत. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि ती सवलत संपली. म्हणून फोटोंची जाडजूड फाइल दाखवा. बिलांपेक्षा लोक फोटो जास्त वेळ बघतात.

१८. जुन्या चासीचं काय करू?

गाडी हजारेक किलोमीटर धावेपर्यंत फेकू नका. कुठला ब्रॅकेट कुठे होता, पाइप कुठल्या बाजूने जात होता, हे तीच सांगते. मला तीनदा परत जाऊन बघावं लागलं. चासी-नंबराची प्लेट बॉडीवर असते, पण चासीवरही काही शिक्के असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा. मग ती आडवी कापून भंगारात घाला, म्हणजे कुणी रंग फासून पुन्हा विकणार नाही. आमच्या भंगारवाल्याने ती एका हाताने उचलली आणि विचारलं, बाकीची गाडी कुठे आहे?